जुन्या पॅनेलचा आणि रेडिओचा इंडिकेटर बल्ब: कोणता आहे हे कसं ओळखायचं आणि कुठे मिळेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांच्या वर्कशॉपमधलं जुनं पॅनेल आहे, त्यावर पाच दिवे, लाल-पिवळा-निळा फेजचे आणि दोन पंपाचे ऑन आणि ट्रिप, त्यातले तीन बंद, एक काढून बघितला तर बल्बवर काहीच लिहिलेलं नाही, दुकानदार म्हणतो असलं आता येत नाही सगळं एलईडी करून टाका. आणि जाता जाता आजोबांच्या रेडिओच्या डायलचाही दिवा गेलाय. मी ३१ वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो आणि रेडिओ हा घरचा नाद, त्यामुळे दोन्हीवर सांगतो, लांबेल जरा.

आधी एक सांगतो, बल्ब हातात धरून दुकानात जाऊ नका. म्हणजे न्या, पण नुसता बल्ब नेऊन काही होत नाही. बल्ब कोणता लागतो हे होल्डर सांगतो आणि होल्डरवर येणारे व्होल्ट सांगतात. मागे कुणीतरी चुकीचा बल्ब बसवलेला असतो, तो वर्षभर चालून गेलेला असतो, आणि तुम्ही आता त्या चुकीचीच झेरॉक्स शोधत बाजारात फिरताय, असं मी कितीतरी वेळा बघितलंय.

आणि त्याच्याही आधी, बल्ब खरंच गेलाय का ते बघा. हसू नका. जुन्या पॅनेलमधले निम्मे "गेलेले" दिवे मला चांगलेच सापडलेत. होल्डरच्या तळाची स्प्रिंग दबून बसते नाहीतर पितळेवर हिरवट-काळा थर येतो. मेन बंद करायचं, आणि नुसतं मेन नाही, कंट्रोल सप्लाय दुसरीकडून येत असेल तर तोही बंद, कारण मेन आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडायचा मोठा स्विच, पाडला तरी इंडिकेशनच्या वायरीत करंट जिवंत असलेली पॅनेल भरपूर आहेत, टेस्टर लावल्याशिवाय बोट घालायचं नाही. मग बल्बच्या बुडाचा शिशाचा ठिपका पेन्सिलच्या खोडरबराने घासायचा, होल्डरची पत्ती बारीक स्क्रूड्रायव्हरने जराशी वर उचलायची, परत लावून बघायचं. आत रुतून बसलेला पिनवाला बल्ब पक्कडीने ओढू नका, काच हातात येईल आणि पितळ आत राहील. स्कूटरच्या पेट्रोल पायपाचा बोटभर तुकडा घ्या, काचेवर दाबून बसवा, आत दाबून डावीकडे फिरवा, अलगद येतो. त्याहून बारीक बल्बला सलाईनची नळी.

मीटर ओहमवर लावून बघताना एक लक्षात ठेवा, फिलामेंटचा, म्हणजे आत तार असलेला, बल्ब थंड असताना त्याचा रेझिस्टन्स पेटलेल्या अवस्थेच्या साधारण दहाव्या ते पंधराव्या भागाइतकाच असतो. ६ व्होल्ट १.२ वॉटचा बल्ब पेटल्यावर ३० ओहम, पण मीटरवर दोन-तीन ओहमच दिसतील, म्हणून "शॉर्ट दाखवतोय" असं म्हणून चांगला बल्ब फेकू नका. उलट बाजूने निऑनचा दिवा असेल तर मीटर कायम ओपनच दाखवणार, नवा असला तरी, कारण आत तार नसतेच, दोन दांड्या आणि मधे गॅस. किती चांगले निऑन लोकांनी केरात टाकले असतील देव जाणे.

आता काचेकडे नीट बघा, मेलेला बल्ब बरंच बोलतो. काच आतून काळसर चंदेरी झालीये म्हणजे पूर्ण आयुष्य जगून गेला. आत पांढरी पावडर म्हणजे काचेला किंवा बुडाला चीर पडून हवा शिरली, टंगस्टन जळून भुकटी झाली. काच एकदम स्वच्छ आणि तार तुटून लोंबतेय तर बहुतेक हादरे, प्रेस किंवा कॉम्प्रेसर शेजारी असणार. तारेच्या टोकाला वितळलेले गोळे म्हणजे जास्त व्होल्टेजने गेला, मग नुसता बल्ब बदलून उपयोग नाही. आणि तारेची लांबीसुद्धा बघा, कमी व्होल्टचा बल्ब असेल तर आखूड जाडसर स्प्रिंगसारखी तार दोनच खांबांवर, जास्त व्होल्टचा असेल तर केसासारखी बारीक लांब तार मधे तीन-चार आधार घेऊन नागमोडी फिरवलेली. हे कळलं की ६ व्होल्टचा की १३० चा हा घोळ तिथेच मिटतो.

लिहिलेलं काही नाही म्हणालात, तेही परत बघा. छापलेलं पुसतं पण पितळेच्या कॉलरवर ठोकलेलं पुसत नाही. टाल्कम पावडर बोटाने चोळा, वरची पुसून घ्या, टॉर्च आडवा धरा आणि मोबाईलने फोटो काढून मोठा करा. मी असे बल्ब वाचलेत जे आमच्या फोरमननी "कोरा आहे" म्हणून बाजूला टाकले होते.

मग बूड मोजायचं. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकपट्टी, असेल तर उत्तम. तुमच्या फोटोतला दोन पिनांचा आहे, पॅनेलमध्ये सर्वात जास्त चालणारा म्हणजे बीए ९ एस, ९ म्हणजे बुडाचा व्यास ९ मिलिमीटर, एस म्हणजे तळाला एकच ठिपका. ठिपके दोन असतील तर ते डी. जुन्या मोठ्या पॅनेलवर थेट २२०-२६० व्होल्टचे ७-१० वॉटचे जाडजूड बल्ब असायचे, ते बहुतेक बीए १५ डी, १५ मिलिमीटर बूड आणि खाली दोन ठिपके. शिलाई मशीनचा बल्ब बघितला असेल तर तेच बूड. सगळ्यात बारीक बीए ७ एस, साध्या शिसपेन्सिलीएवढं जाड. पिना दोन्ही एका उंचीवर आहेत का तेही बघा, वरखाली असतील तर ते गाडीच्या लाईटचं वेगळं बूड आहे, जबरदस्ती बसवू नका.

आट्यांचा असेल तर टॉर्चच्या जुन्या बल्बसारखा ई १०, दहा मिलिमीटरचे आटे. तुमच्या रेडिओचा बहुतेक हाच निघेल. आटेवाले हादऱ्याने हळूहळू सुटत जातात, म्हणूनच मशीनवर पिनवाले वापरायची पद्धत पडली. रेडिओ बिचारा कपाटावर बसून असतो, त्याला आटे चालतात.

याशिवाय दोन जाती जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि मोजमापाच्या उपकरणांत भेटतात. एक टेलिफोन एक्स्चेंजवरून आलेला, बूडच नाही, लांबट काच आणि दोन बाजूंना पितळेच्या दोन पट्ट्या, सरळ खोबणीत सरकतो, अलार्मच्या चौकटीवाल्या पॅनेलमध्ये हा असतो. दुसरा अगदी बारका, बुडाला टोपीच्या कडेसारखी कड असलेला, बटणाच्या आतला. आणि काचेचंच बूड चपटं करून तारा दुमडलेला तो स्पीडोमीटरचा, तो सगळ्यांना माहितीये.

इथे एक मोठा घोळ आहे तो सांगून ठेवतो, नाहीतर ऑनलाईन मागवताना फसाल. बल्बच्या नावात जो टी येतो त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. अमेरिकन पद्धतीत टी म्हणजे काचेचा व्यास इंचाच्या आठव्या भागात, म्हणजे टी सव्वातीन हा साधारण सव्वादहा मिलिमीटर, टी पावणेदोन हा साडेपाच मिलिमीटर. युरोपियन टेलिफोन बल्बात टी साडेपाच म्हणजे सरळ साडेपाच मिलिमीटर. आणि गाडीच्या दुकानात टी १० म्हणजे दहा मिलिमीटरचा चपट्या बुडाचा. त्यामुळे "टी ५ द्या" म्हणून काहीही येऊ शकतं, मिलिमीटरमध्ये व्यास आणि टोकापासून टोकापर्यंत लांबी सांगा, उदाहरणार्थ १० बाय २८, पॅनेलचा बीए ९ एस याच मापाचा येतो. लांबी महत्त्वाची आहे बरं का, बल्ब दोन-तीन मिलिमीटर लांब झाला तर रंगीत टोपी टेकते आणि महिन्यात वितळते.

बूड झालं, आता व्होल्ट. आणि इथेच बहुतेक वायरमन चुकतात. पॅनेलवर २३० येतं म्हणून बल्ब २३० चा असं अजिबात नाही. जुन्या इंडिकेटरच्या मागच्या बाजूला बघा. तिथे छोटा चौकोनी ठोकळा असेल, हाताला जड लागेल, तर तो ट्रान्सफॉर्मर, बल्ब ६ व्होल्टचा, कधी १५ किंवा २४ चा. हलका असेल आणि आत सिमेंटचा किंवा तारेचा रेझिस्टर दिसत असेल तर बल्ब बहुतेक १३० व्होल्टचा आणि उरलेले व्होल्ट रेझिस्टर खातो. काहीच नसेल तर थेट २३० चा नाहीतर निऑन.

ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर रिकाम्या होल्डरवर मीटर लावून जो आकडा येईल त्यावर विश्वास ठेवू नका. एवढासा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना आठ व्होल्टसुद्धा दाखवतो, बल्ब लावला की सव्वासहावर येतो. शेजारचा चालू दिवा आहे ना तुमचा, त्याच्या टोकांवर तो पेटलेला असताना मोजा, तो खरा आकडा. तोच चालू बल्ब काढून डीसी सप्लायवर दोन व्होल्टपासून हळूहळू वाढवत न्या, केशरी, मग पिवळा, मग पिवळसर पांढरा उजेड झाला की थांबा आणि करंट वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर, झाले वॉट. पाचातले दोन चालू आहेत म्हणजे तुम्ही नशीबवान आहात, लोकांकडे एकही नसतो.

वॉटही मनाने वाढवायचे नाहीत. ६ व्होल्ट १.२ वॉटच्या जागी "जरा जोरात लागू दे" म्हणून ३ वॉट लावला की ट्रान्सफॉर्मर तापतो, त्याचं वार्निश वास मारायला लागतं, आणि मग तो इंडिकेटर कायमचा गेला. कमी वॉटचा चालतो, मंद दिसतो एवढंच.

व्होल्टेजबद्दल एक हिशोब सांगतो जो मला कामाला लागल्यावर पंधरा वर्षांनी कळला, त्याआधी मी नुसते बल्ब बदलत होतो. फिलामेंट बल्बचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने कमी होतं. म्हणजे ५ टक्के जास्त व्होल्ट दिले की आयुष्य जवळजवळ निम्मं, १० टक्क्यांना एक तृतीयांश. औद्योगिक भागात रात्री लोड उतरला की २३० चे २५० होतात हे तुम्हालाही माहितीये, म्हणजे रात्रभर तुमचे दिवे तिप्पट वेगाने म्हातारे होतात. आणि हेच उलट फिरवता येतं. २४ व्होल्टच्या पॅनेलवर २८ व्होल्टचा बल्ब लावा, आयुष्य सहापट, उजेड मात्र साठ टक्क्यांच्या आसपास, इंडिकेटरला तेवढा पुरे. २८ व्होल्ट ४० मिलिअँपचा पिनवाला अमेरिकन नंबरात १८१९ म्हणून मिळतो, मी आमच्या २४ व्होल्टच्या पॅनेलवर हेच लावायचो, मग स्टोअरवाला विचारायला लागला की तुम्ही बल्ब मागायला येत का नाही आता.

आता एलईडी. दुकानदार अगदीच चूक नाहीये. ट्रान्सफॉर्मरवाल्या ६ किंवा २४ व्होल्टच्या होल्डरमध्ये त्याच बुडाचा एलईडी बल्ब मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो, फक्त एसी-डीसी दोन्हीवर चालणारा मागा आणि टोपीच्या रंगाचाच घ्या. लाल टोपीमागे पांढरा एलईडी लावला की गुलाबी फिकट दिसतं, लालमागे लाल, हिरव्यामागे हिरवा. निळ्याला तर एलईडीच बरा, फिलामेंटच्या पिवळट उजेडात निळा असतो कुठे, म्हणून तुमच्या पॅनेलचा निळा फेज नवा असतानाही मंदच दिसला असणार.

पण रेझिस्टरवाल्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब टाकायचा असेल तर थांबा. हिशोब बघा: २३० मधून १३० चा बल्ब २० मिलिअँप घेतो, उरलेले १०० व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे रेझिस्टर ५ किलोओहमचा. त्या जागी "१३० व्होल्ट" लिहिलेला एलईडी लावला जो फक्त ५ मिलिअँप घेतो, तर रेझिस्टरवर पडणार २५ व्होल्ट आणि एलईडीला मिळणार दोनशेच्या वर. सकाळी लावला संध्याकाळी गेला. मग लोक म्हणतात एलईडी चायना माल. माल बरोबर होता, रेझिस्टर तुम्ही विसरलात. असा होल्डर असेल तर मूळ १३० चा फिलामेंटच शोधा नाहीतर रेझिस्टर काढून २३० चा एलईडी लावा.

दुसरी भानगड माझ्यावरच बेतलेली. एका कारखान्याचा पंपहाऊस, पंप पॅनेलपासून दीडशे-दोनशे मीटर लांब, कंट्रोलची वायर आणि पॉवरची केबल एकाच ट्रेमधून. मी मोठ्या हौसेने सगळे फिलामेंट काढून एलईडी लावले, चकचकीत पॅनेल. रात्री दोन वाजता ऑपरेटरचा फोन, साहेब पंप बंद केला तरी ऑनचा दिवा जातच नाही, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) चिकटला वाटतं. रात्री जाऊन बघतो तर पंप मस्त बंद, मोटर थंडगार, आणि दिवा मंद लागलेला. शेजारच्या केबलमधून वायरीत नुसतं इंडक्शनने व्होल्टेज येत होतं, त्यात दम काहीच नाही, आधीचा फिलामेंट बल्ब ते गिळून टाकायचा, एलईडीला मात्र तेवढ्यावरही उजेड देता येतो. होल्डरच्या टोकांवर ४७ किलोओहम २ वॉटचा रेझिस्टर आडवा लावला, दिवा विझला, मी घरी गेलो. आता बाजारात लो व्होल्टेज ग्लो प्रोटेक्शनवाले, म्हणजे अशा फुटकळ व्होल्टेजवर न पेटणारे, इंडिकेटर मिळतात, लांबच्या पंपासाठी तेच मागा. तुमचाही पंप विहिरीवर असेल ना, म्हणून एवढं सांगितलं.

तिसरं, तुमच्या वर्कशॉपला लागू नाही पण वाचणाऱ्यात कुणी सबस्टेशनचा असेल तर: ब्रेकर पॅनेलवरचा पांढरा "ट्रिप सर्किट हेल्दी" दिवा म्हणजे नुसता दिवा नव्हे, तो ट्रिप कॉइलच्या, म्हणजे ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलच्या, सिरीजमध्ये बसलेला असतो. त्याच्याबरोबरचा रेझिस्टर मुद्दाम असतो, दिवा शॉर्ट झाला तरी कॉइलला पूर्ण करंट जाऊन ब्रेकर पडू नये म्हणून. तिथे हाताला येईल तो बल्ब लावायचा नाही आणि रेझिस्टर "कशाला हवा" म्हणून काढायचा तर अजिबात नाही. आपल्याकडे सबस्टेशनात लाल म्हणजे ब्रेकर चालू आणि हिरवा म्हणजे बंद, घरच्या माणसाला उलटं वाटतं, म्हणून टोप्याही अदलाबदल करू नका.

ट्रॅक्टर-जीपवाल्यांसाठीही एक वाक्य, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा एक्साइटेशनचा, म्हणजे वीज बनायला सुरुवात करून देणारा, करंट त्या १२ व्होल्ट दोन-सव्वादोन वॉटच्या बल्बमधूनच मिळतो. तो बल्ब गेला किंवा त्याजागी एलईडी लावला की बॅटरी चार्ज होईना, आणि माणूस अल्टरनेटर खोलून बसतो.

निऑनचं वेगळं आहे. केशरी उजेड, काचेत दोन बारीक दांड्या. एसीवर दोन्ही दांड्या पेटतात, डीसीवर एकच, निगेटिव्हची, यावरून सप्लाय कोणता तेही कळतं. म्हातारा झाला की काच काळी पडते, फडफडतो, अंधारात जास्तच. साधा बारका निऑन २३० वर लावायचा तर सिरीजमध्ये १५० ते २२० किलोओहम पाहिजेच. पिनवाल्या निऑनमध्ये बरेचदा हा रेझिस्टर बल्बात नसून होल्डरमध्ये असतो, म्हणून एका पॅनेलचा निऑन काढून दुसऱ्या, रेझिस्टर नसलेल्या होल्डरला लावला की फटाका.

आता आजोबांचा रेडिओ. आधी मागचं झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढा, आणि आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. नसेल तर तो एसी-डीसी सेट, त्याची लोखंडी चासी, म्हणजे आतला सांगाडा, थेट मेनला जोडलेली असू शकते, प्लग उलटा बसला तर चासीला हात लावणं म्हणजे फेजला हात लावणं. अशा सेटमध्ये सगळ्या व्हॉल्व्हचे (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचे) हीटर एकापाठोपाठ सिरीजमध्ये असतात आणि डायलचा बल्ब कित्येकदा त्याच साखळीत, म्हणून तिथे करंट तंतोतंत तोच हवा, व्होल्ट जुळून उपयोग नाही. आणि बल्ब गेला म्हणून रेडिओच बंद पडलाय असंही असू शकतं.

ट्रान्सफॉर्मर असेल तर काम सोपं. व्हॉल्व्हच्या हीटरच्याच ६.३ व्होल्टवर दिवा असतो. ब्रिटिश पद्धतीच्या सेटला ६.५ व्होल्ट ०.३ अँपचा आटेवाला, अमेरिकन पद्धतीच्या सेटला नंबर ४६ किंवा ४०. अमेरिकन बल्बात एक मजा आहे, आत तारा धरून ठेवणारा काचेचा बारीक मणी असतो, त्याचा रंग बघायचा, निळा असेल तर ६.३ व्होल्ट ०.२५ अँप, तपकिरी असेल तर ६.३ व्होल्ट ०.१५ अँप. पांढरा मणी दिसला तर सावध, त्यात २.५ व्होल्ट अर्ध्या अँपचा ४१ नंबरही येतो. हाच मणी पिनवाल्या ४४ आणि ४७ मध्येही त्याच क्रमाने, निळा आणि तपकिरी. मी स्वतः निळ्याच्या जागी तपकिरीच लावतो, उजेड कमी पण उष्णता कमी, साठ वर्षांची डायलची पट्टी मागून भाजून पिवळी पडत नाही. दोन सेलच्या टॉर्चचा बल्ब आट्यांत बसतो म्हणून लावू नका, तो अडीच व्होल्टचा, सेकंदभर छान उजेड देतो.

आणि रेडिओत एलईडी? माझं मत विचाराल तर नको. त्या डायलमागून येणारा पिवळट उजेड हाच तर रेडिओ आहे.

मिळतं कुठे. मुंबईत पॅनेलचा माल लोहार चाळीत, इलेक्ट्रॉनिक्सचं बारीकसारीक लॅमिंग्टन रोडला. पुण्यात तपकीर गल्ली, तिथे मोठ्या काचेच्या शोरूमला नको, आत गल्लीत जे दुकान फार जुनं आणि फार अंधारं असेल तिथे विचारा, आणि मुलाला नको, गल्ल्यावरच्या काकांना विचारा. रेडिओसाठी जुना बाजार, बुधवार आणि रविवार, एखादा मेलेला रेडिओ शे-दोनशेत मिळाला तर त्यातून बल्बही मिळतो आणि होल्डरही. आट्यांचे बल्ब शाळांना प्रयोगाचं साहित्य विकणाऱ्या दुकानात अजून मिळतात, हे कुणाला सुचत नाही. आणि घराजवळचं ऑटो स्पेअरचं दुकान विसरू नका, १२ व्होल्ट ४ वॉटचा पार्किंग बल्ब आणि ट्रकचा २४ व्होल्ट ४ वॉट, दोन्हीला बूड बीए ९ एसच असतं. फक्त तो ४ वॉटचा आहे, पॅनेलचा मूळ २ वॉटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि टोपी दोन्ही तापतील, म्हणून अडचणीला दोन दिवस ठीक, कायमचा नको.

दुकानात जाऊन "पॅनेलचा छोटा बल्ब" म्हणू नका, त्याला तो नाहीच म्हणणार. असं म्हणा: बीए ९ एस, ६ व्होल्ट, १.२ वॉट, १० बाय २८, फिलामेंट. आकडे तुमच्या मीटरचे घाला. एवढं बोललात की तो स्टुलावर चढतो आणि वरचा खोका काढतो.

आणि सगळे इंडिकेटरच बदलायचे ठरवलं तर आधी पॅनेलच्या पत्र्यातलं भोक मोजा. नवे सगळे साडेबावीस मिलिमीटरच्या भोकाचे, तुमचं पॅनेल जुनं असेल तर साडेतीसचं असू शकतं, मग नवा इंडिकेटर आरपार आत पडतो. त्याला अडॅप्टर रिंग मिळते, नाहीतर पत्र्याची चकती कापून घ्या. पण पाचही होल्डर धड असतील तर मी तरी ते फेकणार नाही, जुन्या काचेच्या टोप्या आता मिळत नाहीत आणि प्लॅस्टिकच्या दोन उन्हाळ्यांत पांढऱ्या पडतात.

तर आता तुम्ही एवढं करा, चालू असलेल्या दिव्याचे पेटता असतानाचे व्होल्ट मोजा, इंडिकेटरच्या मागच्या ठोकळ्याचा फोटो काढा, आणि बुडाचा व्यास कळवा, मग नेमका बल्ब सांगतो. मिळाले की दहा घ्या, पाच लावायला आणि पाच औषधाच्या डबीत कापूस घालून, वर मार्करने व्होल्ट-वॉट लिहून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारेने बांधून ठेवा.